तेजाब, भुसा आणि पावणेपाच सेकंद

३ नोव्हेंबर १९७३ रोजी सकाळी पॅन ॲम कंपनीचं एक बोइंग ७०७ मालवाहू विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविककडे निघालं. प्रवासी कोणी नव्हते. तिघं कर्मचारी होते आणि मागे भरलेला माल. त्या मालात सुमारे सात टन रसायनं होती आणि रसायनांमध्ये नायट्रिक आम्लाच्या काचेच्या बाटल्या होत्या. बाटल्या लाकडी खोक्यांत ठेवलेल्या होत्या. त्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधल्या जागेत लाकडाचा भुसा भरलेला होता. उड्डाणानंतर काही वेळातच कॉकपिटमध्ये धूर येऊ लागला. आधी न्यूयॉर्कला परतायचं ठरलं, पण धूर वाढतच गेला तेव्हा वैमानिकांनी जवळचं बॉस्टन गाठायचा प्रयत्न केला. धूर थांबवायचा कुठलाच मार्ग त्यांच्या हाती नव्हता. धावपट्टी जेमतेम समोर असताना विमानावरचा ताबा सुटला आणि ते अलीकडेच कोसळलं. तिघंही गेले.

धूर नेमका कुठून आला, याचा निर्विवाद पुरावा अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला मिळाला नाही. तरीही मंडळाने आपलं मत अहवालात स्पष्ट नोंदवलं : चुकीच्या पद्धतीने बांधलेलं आणि रचलेलं नायट्रिक आम्ल गळलं, त्याची भोवतीच्या भुशाशी आपोआप रासायनिक क्रिया झाली आणि तिथून पुढची सगळी साखळी सुरू झाली. ठिणगी लागली नव्हती, तार जळाली नव्हती. हापूसच्या पेटीत पेंढा घालावा इतक्या सहजपणे कोणीतरी खोक्यात भुसा घातला होता, एवढंच.

त्या बाटल्यांत नायट्रिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल असतं तर काय झालं असतं? भुसा भिजला असता, काळवंडला असता. झोंबरी वाफ पसरली असती. आम्ल खाली झिरपून विमानाच्या ॲल्युमिनियमपर्यंत पोचलं असतं आणि त्याने ते चांगलंच खाल्लं असतं. नुकसान गंभीर झालं असतं. पण भुसा पेटला नसता.

या फरकाकडे आपल्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. शाळेपासून आम्लांची ओळख होते ती लिटमसने आणि पीएचच्या आकड्याने. जितका आकडा लहान तितकं आम्ल जहाल, असं डोक्यात बसतं. पीएच कागद दोन्ही आम्लांत सारखाच लाल होतो. हाताला दोन्ही भाजतात, लोखंड दोन्ही खातात. एक मात्र स्वतःजवळचा ऑक्सिजन दुसऱ्याला देऊन त्याला पेटवू शकतं आणि दुसऱ्याला ते मुळीच जमत नाही, ही गोष्ट पीएच कागद सांगत नाही. संक्षारकता हा एक गुण आणि ऑक्सिडीकारकता हा दुसरा. दोन्ही एकाच बाटलीत असू शकतात, म्हणूनच दुसरा गुण वेगळा तपासावा लागतो.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर तांबं घ्यावं. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत शिक्षक फ्यूम हूडखाली दोन परीक्षानळ्या ठेवतात आणि प्रत्येकीत तांब्याची कात टाकतात. पहिल्या नळीत संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं तर तांबं तळाशी जसंच्या तसं पडून राहतं. जस्त असतं तर हायड्रोजनचे बुडबुडे उसळले असते. तांब्यापुढे मात्र आम्लातल्या हायड्रोजन आयनाचं काही चालत नाही. दुसऱ्या नळीत संहत नायट्रिक आम्लाचे थेंब पडतात तेव्हा क्षणभर काही होत नाही. मग कातीच्या कडांना फेस येतो, द्रव हिरवा होऊ लागतो, नळी हाताला गरम लागते आणि तोंडातून विटकरी रंगाचा जड वायू बाहेर येतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. इथे तांब्याचे इलेक्ट्रॉन हायड्रोजनने घेतलेले नसतात, नायट्रेटमधल्या नायट्रोजनने घेतलेले असतात.

हा विटकरी धूर महाराष्ट्रातल्या एका भागाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातले गलाई कारागीर केरळपासून पंजाबपर्यंत, कोलकात्यापासून नेपाळपर्यंत पसरलेले आहेत. जुन्या दागिन्यांचं सोनं गाळून शुद्ध करून देणं हा त्यांचा धंदा. रीत अशी : मुशीत सोन्याबरोबर सुमारे तिप्पट चांदी वितळवायची, त्या मिश्रधातूचे पातळ पत्रे किंवा बारीक दाणे करायचे आणि ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळून जातं. सोनं तपकिरी भुकटीच्या रूपात तळाशी राहतं. सोन्यात चांदी मिसळायचं कारण असं की सोनं जास्त असेल तर ते आतल्या चांदीला झाकून ठेवतं आणि आम्ल तिथवर पोचत नाही. सराफाच्या काळ्या कसोटीवर सोन्याची रेघ ओढून तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडला जातो, तेही याच तत्त्वावर. हीण धातूची रेघ विरते, सोन्याची टिकते.

सोन्याची परीक्षा घेणारी ही पद्धत उलटी वाचली तर ती आम्लाचीही परीक्षा आहे. चांदी किंवा तांबं विरघळवणारं आणि विटकरी धूर सोडणारं आम्ल ऑक्सिडीकारक आहे, हे गलाईच्या भट्टीवर रसायनशास्त्राचं नाव न घेताही कळतं. त्या धुराबद्दल मात्र इथेच सांगायला हवं. नायट्रोजन डायऑक्साइड छातीत गेला की लगेच फारसा त्रास होतोच असं नाही. थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, माणूस कामाला लागतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरू लागतं आणि तेव्हा परिस्थिती हाताबाहेर गेलेली असू शकते. बंद खोलीत, साध्या पंख्याच्या भरवशावर तेजाब उकळणाऱ्या प्रत्येक माणसाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी. धूर लागलेला माणूस बरा दिसत असला तरी त्याला दवाखान्यात न्यायला हवं.

तांब्याची चाचणी सुटसुटीत असली तरी ती पुरत नाही. प्रयोगशाळेत आणखी एक झटपट उपाय असतो, पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेला पांढरा कागद. ऑक्सिडीकारक द्रवाचा थेंब पडला की आयोडाइडचं आयोडीन होतं आणि स्टार्चमुळे कागद निळा-जांभळा पडतो. रंग लगेच आला तरच तो धरायचा, कारण आम्लात भिजलेला आयोडाइड नुसत्या हवेनेही हळूहळू निळा होतो. पण खरी अडचण निराळीच आहे. या कागदाला परक्लोरिक आम्ल सपशेल फसवतं. थंड आणि विरल परक्लोरिक आम्ल कागदावर टाकलं तर कागद पांढराच राहतो. तांब्याची कात टाकली तर विटकरी धूर येत नाही. आणि हेच आम्ल संहत करून तापवलं तर त्याच्यासारखा भयंकर ऑक्सिडीकारक सहसा सापडत नाही.

पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यांत प्रत्येक ऑक्सिडकासमोर व्होल्टमध्ये एक आकडा असतो. हायड्रोजन आयनाचा शून्य, तांब्याचा ०.३४, नायट्रेटचा ०.९६, परक्लोरेटचा सुमारे १.३९. आकडा जितका मोठा तितकी इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ अधिक. या तक्त्याने हायड्रोक्लोरिकपुढे तांबं का टिकतं आणि नायट्रिकपुढे का टिकत नाही, हे नीट समजतं. परंतु तक्त्यानुसार सर्वांत जबर असायला हवं ते परक्लोरिक आम्ल थंड असताना गप्प बसतं. कारण व्होल्टचा आकडा क्रिया होऊ शकते की नाही एवढंच सांगतो. ती किती वेळात होईल, यावर तो काहीच बोलत नाही. आणि आग लागेल की नाही हा प्रश्न बव्हंशी वेळेचाच असतो. तीच उष्णता वर्षभरात निघाली तर कोणाला कळणारही नाही, सेकंदात निघाली तर इमारत जाते.

धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी जी चाचणी ठरवली आहे ती म्हणून वेळच मोजते. ओ-२ हे तिचं नाव. तिचं साहित्य पाहिलं तर या विषयाचा गाभाच हाती येतो.

अडीच ग्रॅम द्रव आणि अडीच ग्रॅम सेल्युलोज. सेल्युलोज म्हणजे कापूस, कागद, ज्यूट, लाकूड या सर्वांचा मूळ घटक; जगातलं बरंचसं पॅकिंग आणि अंगावरचे सुती कपडे त्याचेच. चाचणीसाठी त्याचे तंतू पांढऱ्या पिठासारखे बारीक असतात, सरासरी २५ मायक्रोमीटर जाडीचे. ते १०५ अंश सेल्सियसला चार तास वाळवतात, कारण ओलावा राहिला तर निकाल बिघडतो. द्रव आणि तंतू काचेच्या कांडीने कालवतात. कालवणारा माणूस संरक्षक पडद्यामागे उभा असतो, कारण काही द्रव कालवतानाच पेट घेतात. तसं झालं तर पुढची चाचणी करायची गरजच उरत नाही. तो द्रव सरळ सर्वांत धोकादायक गटात जातो.

लगदा मग पोलादी दाबपात्रात भरतात. हे पात्र लहानसंच असतं, ८९ मिलिमीटर लांब आणि बाहेरून ६० मिलिमीटर व्यासाचं. लगद्यात निक्रोमच्या तारेची गुंडाळी रुतवलेली असते. पात्राच्या तोंडावर एक पातळ चकती बसवतात. दाब २२०० किलोपास्कलच्या आसपास गेला की ती फुटते आणि पात्र वाचतं. कालवल्यापासून सुमारे दहा मिनिटांनी तारेतून वीज सोडतात. तार लाल होते, लगदा पेटतो, वायू साचतात, दाब चढू लागतो. मोजायचं एवढंच, की दाब ६९० किलोपास्कलवरून २०७० किलोपास्कलवर जायला किती वेळ लागला. पाच वेळा करायचं आणि सरासरी काढायची.

हा आकडा एकटा निरर्थक असतो. त्याच यंत्रावर, त्याच सेल्युलोजने तीन ठरलेल्या द्रवांचे आकडे काढतात आणि नव्या द्रवाची त्यांच्याशी तुलना करतात. चाचणीच्या पुस्तिकेत नमुन्यादाखल दिलेले आकडे असे आहेत : ६५ टक्के नायट्रिक आम्लाला ४७६७ मिलिसेकंद, म्हणजे पावणेपाच सेकंद. ४० टक्के सोडियम क्लोरेटच्या द्रावणाला २५५५ मिलिसेकंद, सुमारे अडीच सेकंद. ५० टक्के परक्लोरिक आम्लाला १२१ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा जेमतेम आठवा भाग. आयोडाइडच्या कागदावर गप्प बसलेलं आम्ल इथे नायट्रिकच्या जवळजवळ चाळीसपट वेगाने दाब चढवतं. त्याची तीव्रता ५० वरून ५५ टक्के केली की वेळ ५९ मिलिसेकंदांवर येतो, निम्म्याहूनही कमी.

नव्या द्रवाला नायट्रिकपेक्षा जास्त वेळ लागला किंवा दाब २०७० पर्यंत पोचलाच नाही, तर तो वाहतुकीच्या नियमांपुरता ऑक्सिडीकारक द्रव नव्हे. नायट्रिकइतका किंवा त्याहून कमी वेळ लागला तर तो तिसऱ्या गटात, क्लोरेटइतका किंवा कमी लागला तर दुसऱ्यात, परक्लोरिकलाही मागे टाकलं तर पहिल्यात.

संक्षारक आम्लांच्या बाबतीत या चाचणीला एक पेच असतो. दाब वाढला तो ऑक्सिडीकरणामुळेच कशावरून? काही द्रव तापल्यावर स्वतःच फुटून वायू सोडतात, त्यांना सेल्युलोजची गरजच नसते. म्हणून शंका असेल तेव्हा सेल्युलोजच्या जागी कीझेलगूर ही निष्क्रिय माती घालून चाचणी पुन्हा करतात. ती जळत नाही, कोणाला इलेक्ट्रॉन देत नाही. तिच्यासोबतही दाब तसाच चढला तर तो द्रवाच्या स्वतःच्या विघटनाचा. चढला नाही तर सेल्युलोजचा त्यात हात आहे. नायट्रोग्लिसरीन शोषून घेऊन त्याचं डायनामाइट करताना आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये वापरली ती हीच माती. चाचणीचा आकडा आला म्हणजे काम संपलं, असं इथे होत नाही. त्याचा अर्थ जाणत्या माणसाने लावायला लागतो.

सल्फ्युरिक आम्लाचं उदाहरण या दृष्टीने बोलकं आहे. गरम, संहत सल्फ्युरिक आम्ल तांब्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि सल्फर डायऑक्साइड सोडतं, त्यामुळे पाठ्यपुस्तक त्याला ऑक्सिडक म्हणतं आणि ते बरोबर आहे. साखरेवर ओतलं की काळा फुगलेला कोळसा वर येतो, हे प्रात्यक्षिकही सर्वांनी पाहिलेलं असतं. त्यात मुख्य काम साखरेतलं पाणी ओढून घेण्याचं असतं. वाहतुकीच्या यादीत मात्र सल्फ्युरिक आम्ल नुसतं संक्षारक आहे. त्याच्या टँकरवर ऑक्सिडीकारकाचं पिवळं चिन्ह नसतं.

संक्षारकतेचे निकष वेगळेच आहेत. त्वचा पूर्ण जाडीत नष्ट व्हायला किती वेळाचा संपर्क पुरतो ते पाहतात : तीन मिनिटं, एक तास की चार तास. पूर्वी हे सशांवर तपासत. आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरावर तपासायची मान्य पद्धत आहे, आणि ही सुधारणा मनापासून स्वागत करावी अशीच आहे. धातूसाठीची कसोटी अशी, की ५५ अंश सेल्सियसला पोलाद किंवा ॲल्युमिनियम वर्षाला ६.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त झिजतं का.

या दोन गुणांमधलं नातं सरळ नाही, हे नायट्रिक आम्लच सर्वांत चांगलं दाखवतं. विरल नायट्रिक लोखंड खातं. संहत नायट्रिकमध्ये तेच लोखंड बुडवलं तर क्रिया थांबते. १८३६ मध्ये श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने फॅरडेला या कोड्याबद्दल लिहिलं आणि धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसत असावा, असा अंदाज फॅरडेने केला. अंदाज बरोबर निघाला. आम्लाची ऑक्सिडीकरणाची ताकद इतकी, की धातूचा पृष्ठभाग क्षणात ऑक्साइडने झाकला जातो आणि आतला धातू बचावतो. म्हणूनच ९८ टक्के नायट्रिक आम्ल ॲल्युमिनियमच्या टाक्यांतून नेता येतं.

नायट्रिक आम्लाचे नियम या सगळ्यातून ठरलेले आहेत. ६५ टक्क्यांहून कमी असेल तर ते फक्त वर्ग ८, संक्षारक. ६५ टक्के आणि त्यापुढे वर्ग ८ सोबत वर्ग ५.१, म्हणजे ऑक्सिडीकारक, ही जोडओळख लागते आणि काळ्या-पांढऱ्या चौकटीशेजारी वर्तुळावरच्या ज्वाळेचं पिवळं चिन्ह येतं. प्रयोगशाळेत मिळणारं संहत नायट्रिक ६८ ते ७० टक्क्यांचं असतं, कारण साध्या ऊर्ध्वपातनाने ते ६८ टक्क्यांच्या पुढे जात नाही. ते रेषेच्या किंचित वर येतं. तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतीत अमोनियापासून बनणारं विरल आम्ल साधारण ६० टक्क्यांचं, रेषेच्या किंचित खाली.

परक्लोरिकची रेषा आणखी कडक आहे. ५० टक्क्यांपर्यंत ते मुख्यतः संक्षारक मानलं जातं. त्यापुढे ओळखच उलटते, मुख्य धोका ऑक्सिडीकरणाचा होतो. ७२ टक्क्यांच्या पुढे वाहतुकीला बंदी. या कडकपणाची किंमत लॉस एंजेलिस शहराने आधीच मोजली होती. २० फेब्रुवारी १९४७ रोजी तिथल्या ओकॉनर इलेक्ट्रोप्लेटिंग कारखान्यात परक्लोरिक आम्ल आणि ॲसेटिक अनहायड्राइडच्या मिश्रणाचा स्फोट झाला. ॲल्युमिनियमला चकाकी आणायला ते मिश्रण वापरत होते. ते थंड ठेवणारी यंत्रणा बिघडलेली होती आणि वस्तू टांगायला सेल्युलोजपासून केलेल्या प्लास्टिकचा सांगाडा त्यात सोडला गेला होता. १७ माणसं मेली, सुमारे दीडशे जखमी झाली, शंभरावर इमारतींचं नुकसान झालं.

६५ टक्के ही रेषा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : चाचणी फक्त सेल्युलोजला विचारते. अल्कोहोल, ॲसिटोन, ॲसेटिक आम्ल यांच्याशी तोच द्रव कसा वागेल, याचं उत्तर त्या पोलादी पात्रात नाही. ६० टक्क्यांचं नायट्रिक नियमात ऑक्सिडीकारक नसलं तरी अल्कोहोलमध्ये मिसळलं तर वायू सोडत राहतं. नियम करणाऱ्यांनाही ही रेषा फार पक्की वाटत नसावी. प्लास्टिकचे पिंप आणि कॅन एरवी पाच वर्षं वापरता येतात. ५५ टक्क्यांहून तीव्र नायट्रिक भरायचं असेल तर ही मुदत बनावटीच्या तारखेपासून दोनच वर्षं आहे. आम्ल हळूहळू त्या प्लास्टिकचंही ऑक्सिडीकरण करत असतं.

प्रयोगशाळांमधले अपघात बहुधा टाकाऊ द्रवाच्या बाटलीत होतात. कोणीतरी वापरलेलं नायट्रिक आम्ल आदल्या दिवशीच्या अल्कोहोलच्या बाटलीत ओततं, झाकण घट्ट लावतं आणि घरी जातं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. क्रिया हळू सुरू होते, तिच्या उष्णतेने वेग घेते, आणि रात्री कधीतरी बाटली फुटते. त्यासाठी नायट्रिकच्या टाकाऊ द्रवाला स्वतंत्र बाटली ठेवतात, तिच्या झाकणाला वायू निघून जायला वाट असते. तिच्यावर आत काय आहे ते आणि तारीख लिहितात. ती लाकडी फळीवर ठेवत नाहीत, खाली सांडलं तर साठेल असा आम्लाला टिकणारा ट्रे असतो. सांडलेलं पुसायला जवळ भुसा, कापूस किंवा कागदाचे बोळे ठेवत नाहीत. वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट ठेवतात.